घेवड्याची कुंडी

४ ऑक्टोबर

पोचलो. घर शोधावं लागलंच नाही, मावशी कोपऱ्यावर येऊन उभी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिने मला लांबूनच ओळखलं. म्हणाली, कान अगदी आईचे आहेत. ती आईची चुलत बहीण. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या कानांवरून आईला आठवणारं कुणी जगात आहे, याचं मला इतकं बरं वाटलं की पिशवी कुठल्या हातात धरावी ते सुचेना.

आजपासून रोजनिशी लिहायची. शाळा नववीत सुटली, पण गुरुजी म्हणायचे की या पोराचं शुद्धलेखन सुटू देऊ नका. थोडं थोडं लिहीत गेलं की हात राहतो.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन बाजूंनी खिडक्या, दिवसभर ऊन. पलंगावर जाड गादी आणि धुतलेली चादर. घरी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी झोपायचो आणि वहिनीचा पाय लागला की उठायचो. वहिनी मला खायला काळ नि भुईला भार म्हणते. निघताना थोरला भाऊ एवढंच म्हणाला की परत पाठवतील असं काही करू नकोस. धाकटी बहीण ठमी दाराआड उभी राहून रडत होती. तिला सांगून आलो आहे, जम बसला की तुलाही बोलावतो.

काम माझ्या आवडीचं आहे. गच्चीवर कुंड्यांत भाजीपाला लावलेला आहे, तो सांभाळायचा. मी काही महिने एका रोपवाटिकेत माती भरत होतो, हे मावशीला कुणीतरी कळवलं होतं. तिने म्हणे आमच्या घरी विचारणा केली आणि भावाने दुसऱ्याच दिवशी होकार दिला. रात्री जेवायला बसलो तर मावशीने सगळ्यांत आधी मला वाढलं.

७ ऑक्टोबर

गच्ची नीट पाहून झाली. वांगी, मिरच्या, पालक, कोबी आणि टोमॅटो. काही मातीच्या कुंड्या, बाकी रंगाचे रिकामे डबे, बुडाला भोकं पाडलेले. माती चांगली आहे. मिरचीवर थोडा मावा होता, तो साबणाच्या पाण्याने गेला. वांग्याचे किडके शेंडे खुडले. पांढऱ्या माशीसाठी पिवळ्या पत्र्याला तेल लावून टांगलं, दुपारपर्यंत पत्र्यावर तीळ सांडल्यासारखं झालं. काका बघून हसले. काका म्हणजे मावशीचे यजमान. नोकरीतून मोकळे झालेले, बोलायला कमी, पण हात झाडांत मुरलेला आहे.

खरी गोची टोमॅटोची आहे. टोमॅटोचं एक जुनं झाड मोठ्या कुंडीत मधोमध ठेवलं आहे आणि त्याला नागअळी लागलेली आहे. ही अळी पानाच्या वर बसत नाही आणि खालीही नाही. ती पानाच्या आत, दोन पदरांच्या मध्ये राहते आणि आतून खात पुढे सरकते. वरून फक्त तिची वाट दिसते, पांढरी, नागमोडी. फवारा मारला तरी तिला काही होत नाही, कारण पानाची कातडीच तिचं पांघरूण असते.

मी म्हणालो की हे झाड उपटून टाकू, नाहीतर बाकीची बाग जाईल. मावशीचा चेहरा एकदम उतरला. ते झाड तिच्या मुलाने लावलेलं आहे. ती म्हणाली, हातचं लावलेलं कुणी उपटतं का रे.

तिचा मुलगा खाली मागच्या खोलीत असतो. वय तिशीच्या पुढचं, पण सगळे त्याला बाळच म्हणतात. मी बाळदादा म्हणतो. अंगाला बरं नसतं म्हणून बाहेर येत नाही. मी पाणी द्यायला गेलो तेव्हा उकडत असूनही त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा गळ्यापर्यंत बटणं लावून घातला होता. तो माझ्याकडे खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला की तू चांगला आहेस, तुला यायला नको होतं. आजारी माणूस काहीही बोलतो.

१२ ऑक्टोबर

काकांनी आज नवी गोष्ट शिकवली. टोमॅटोला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी घेवडा पेरायचा. नागअळीच्या माशीला घेवड्याचं कोवळं पान फार आवडतं, ती टोमॅटो सोडून तिकडे अंडी घालायला जाते. म्हणजे घेवडा आपल्यासाठी लावायचाच नसतो. तो किडीचा वाटा.

मला वाटलं, मग फुटका डबा आणि उरलीसुरली माती चालेल. काकांनी मान हलवली. त्यांनी सगळ्यांत चांगली कुंडी काढली, कुजलेलं खत चाळून घातलं आणि भरपूर उन्हाची जागा दिली. म्हणाले, "सापळ्याच्या झाडाला हात आखडायचा नाही. ते बागेत सगळ्यांत हिरवं पाहिजे. मरतुकड्या झाडाकडे कीड ढुंकून बघत नाही."

हे मला पटलं. रोपवाटिकेत असलं काही कुणी सांगितलं नव्हतं.

२३ ऑक्टोबर

घेवडा वर आला. पानं अशी तकतकीत की हात फिरवावासा वाटतो.

माझंही बरं चाललं आहे. सकाळी दाट दूध, दुपारी भरलेलं ताट, चार वाजता फळ. मावशी समोर बसून जेवू घालते आणि पुरे म्हटलं तर रागावते. म्हणते, अजून हाडं दिसतात तुझी. कपाटात इस्त्री केलेले सदरे आहेत, त्यांतला एक मला अगदी मापात बसला. बाकीचे लहानमोठे आहेत, एक फ्रॉकही आहे. मी विचारलं तर ती म्हणाली की नात्यातली पोरकी मुलं इथे येऊन राहायची. आता कुठे आहेत विचारलं, तर म्हणाली, लागली मार्गी.

आज मन भरून आलं होतं म्हणून मी तिला ठमीबद्दल सांगितलं. सोळा वर्षांची आहे, अंगाने किरकोळ, पण निरोगी, कधी ताप म्हणून येत नाही. तिलाही इथे आणता आलं तर. मावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली की आणू ना, वेळ आली की आणू.

३० ऑक्टोबर

शेजारच्या गच्चीवर एक शिंपीण राहते. तिथेच मशीन टाकून बसते. आज तिने मला वाकून बघितलं आणि सुई तोंडात धरूनच विचारलं, "या खेपेला मुलगा का?"

मला कळलं नाही. ती म्हणाली, मागची मुलगी छान अंग धरून होती, तिलाही तुझ्या मावशी तुझ्यासारखंच जपायच्या, गादी रोज उन्हात काय, दूध काय. मग कुठे गेली, असं मी विचारलं. शिंपीण म्हणाली की मी कापड बघते बाबा, माणसं बघत नाही. आणि मशीन सुरू केलं.

घेवड्याच्या दोन पानांवर पांढऱ्या वाटा दिसू लागल्या आहेत. काकांचं म्हणणं खरं ठरलं. टोमॅटोची नवी पालवी मात्र स्वच्छ आहे.

८ नोव्हेंबर

आज घेवडा उपटला. नीट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

घेवड्याच्या प्रत्येक पानावर वाटांचं जाळं झालं होतं. हिरवा रंग शोधावा लागत होता. काकांनी एका पानावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भरला." अळ्या पानातून गळून मातीत जायच्या आत झाड काढावं लागतं, उशीर झाला की सगळी मेहनत पाण्यात. मी काळी पिशवी धरून उभा राहिलो. मावशी मागून सारखी म्हणत होती, "तोंड नीट धर, एकही बाहेर पडता कामा नये." काकांनी झाड मुळासकट ओढलं आणि आत कोंबलं, मी वरून गाठ मारली. पिशवी दिवसभर कडक उन्हात ठेवली. संध्याकाळी हात लावला तर आत सगळं शिजल्यासारखं ऊन होतं.

मला थोडं वाईट वाटलं. इतकी निगा राखलेलं झाड. काका म्हणाले की काम झालं त्याचं. गरज सरो, वैद्य मरो, असं मी गमतीने म्हणालो, तर दोघंही हसली नाहीत.

मी विचारलं, आता कीड संपली का? नाही म्हणाले. टोमॅटोच्या मुळाशी कोष राहतातच. ते झाड आहे तोवर दर खेपेला नवा घेवडा.

उजव्या मनगटाला खाज आहे. पिशवीचा काच बसला असेल.

१५ नोव्हेंबर

मनगटावर एक पांढरी रेघ आली आहे. ओरखडा नव्हे. ओरखडा सरळ असतो.

डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी लांबूनच बघितलं, खरूज म्हणाले आणि मलम दिलं. दोन वेळा लावतो आहे. काल रेघ जिथे संपत होती तिथे मी पेनाने ठिपका दिला होता. आज रेघ ठिपक्याच्या पुढे गेली आहे.

बाळदादा आज गच्चीवर आला, कितीतरी दिवसांनी म्हणे. मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने उकडतं म्हणून बाह्या वर केल्या. त्याच्या दोन्ही हातांवर जुन्या वाटा आहेत, कोपरापासून बोटांपर्यंत. पण त्या सुकलेल्या आहेत, कोरड्या ओढ्यासारख्या. त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि बाह्या खाली केल्या.

१९ नोव्हेंबर

आता दंडापर्यंत. मलम म्हणजे फवारा. कातडीच पांघरूण आहे तिचं.

मी वेडा नाही. मी रोपवाटिकेत काम केलं आहे, मला कळतं. सगळ्यांत चांगली कुंडी. चाळलेलं खत. भरपूर उन्हाची खोली. हात आखडायचा नाही.

पोटात दाट दूध होतं, ते सगळं उलटून पडलं. मावशीने पाठ चोळली, तोंड पुसलं. आणि लगेच दुसरा पेला आणला.

२० नोव्हेंबर

दार उघडं असतं. कुणी अडवत नाही. हे लिहिणं भाग आहे, कारण नंतर कुणी म्हणेल, पळून का नाही गेला.

दुकानातून घरी फोन केला. वहिनीने उचलला. मी म्हणालो, मी परत येतो आहे. ती म्हणाली, "तुझ्या जागेवर आता मोठी पेटी ठेवलीय. इथे दुधावर राहायला मिळत नाही, तिथेच राहा." भाऊ पलीकडून काहीतरी बोलला, तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. फोन त्याच्याकडे गेला नाही.

रस्त्यावर बराच वेळ उभा होतो. माणसं जात होती, प्रत्येकाला कुठेतरी जायचं होतं. मग चार वाजले, फळाची वेळ झाली, आणि माझे पाय आपोआप मावशीच्या घराकडे वळले. कुंडीतल्या झाडाला कुठे बांधून ठेवावं लागतं?

२२ नोव्हेंबर

एक गोष्ट सुचली आहे. मरतुकड्या झाडाकडे कीड ढुंकून बघत नाही.

काकांचेच शब्द.

२६ नोव्हेंबर

जेवण खिडकीतून मागच्या गल्लीत टाकतो. दूध मोरीत. फळ उशीच्या अभ्र्यात, मग बाहेर. मावशी समोर बसली तर दोन घास घेतो आणि नंतर घशात बोटं घालतो. खोलीच्या खिडक्यांना चादर लावून ठेवतो.

हात बारीक झाला. रेघा थांबल्या आहेत. ठिपके दिले होते, कुणीही ठिपका ओलांडला नाही.

आणि आज खालून बाळदादाचा आवाज आला. खाजवण्याचा. नखांचा. मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

२८ नोव्हेंबर

बाळदादा ओरडतो आहे. मावशी त्याच्या दाराशी बसून असते.

ती वर आली. खिडकीवरची चादर काढली, मग खिडकीतून खाली गल्लीत पाहिलं. पाच-सहा दिवसांचं अन्न तिथे पडलेलं. मला वाटलं, मारेल. तिने माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, आणि हळूच म्हणाली, "वाळलास रे." खरंच वाईट वाटलं होतं तिला. शेवटी म्हणाली की मग आता दुसरी सोय बघायला हवी.

गच्चीवर काका दुसरी कुंडी भरत आहेत. चाळणीचा आवाज येतो आहे.

२९ नोव्हेंबर

ठमी येते आहे.

मावशीने घरी फोन केला. भावाने लगेच होकार दिला. मीच सांगितलं होतं. सोळा वर्षांची, निरोगी, कधी ताप म्हणून येत नाही. हे सगळं मीच —

सापळा वाळला की दुसरा पेरतात. मला हे कळायला हवं होतं. मला कळत होतं.

कात्री घेऊन मागच्या खोलीत गेलो. मूळ झाड काढलं तर सगळं संपेल. भरदुपारची वेळ. बाळदादा झोपला होता, तोंड उघडं, लहान मुलासारखा. उशीवर मावशीने घडी करून रुमाल ठेवलेला.

तो जागाच होता. डोळे न उघडता म्हणाला, "कर लवकर. आई येईल."

हात झाला नाही. परत आलो.

१ डिसेंबर

ठमी आली. मावशी कोपऱ्यावर जाऊन उभी होती. म्हणाली असणार, कान अगदी आईचे.

तिला शेजारची खोली दिली. तिथेही ऊन येतं. तिने मला बघून तोंडावर हात धरला, किती वाळलास रे दादा. मी सगळं सांगितलं, मनगट दाखवलं. ती म्हणाली, खरूज आहे ही. वहिनीने तिला सांगून पाठवलं आहे की तो डोक्याने बिघडलाय, तुझ्या वाट्याचं खाऊ देऊ नकोस.

मी म्हणालो, आत्ता निघू. कुठेही.

तिच्यासमोर भरलेलं ताट होतं. तिने ताटाकडे पाहिलं. "दोन दिवस तरी राहू दे ना रे."



२ डिसेंबर

तिचं मनगट पाहिलं. स्वच्छ आहे. कोपर, मान, कानामागे. स्वच्छ.

बागेत सगळ्यांत हिरवं कोण, एवढाच प्रश्न आहे. कीड तिकडे जाते.

म्हणजे मला खायला हवं.

५ डिसेंबर

दोनदा वाढून घेतो. दूध मागून पितो. ठमीच्या ताटातलंही ओढून घेतो, ती चिडते, म्हणते वहिनी खरंच बोलत होती. बोलू दे. उघडा उन्हात बसतो. मावशी खूश आहे. म्हणते, आला जरा ताळ्यावर.

रेघा पुन्हा चालू लागल्या. दंड, छाती. ठिपके द्यायचं सोडलं, पेन पुरणार नाही.

बाळदादा शांत आहे. ठमी स्वच्छ आहे.

८ डिसेंबर

हनुवटीच्या खाली. रात्री आत — सरकताना कळतं. दुखत नाही. कुणीतरी पांघरूण ओढत असल्यासारखं.

ठमी स्वच्छ. रोज बघतो. आज हात झटकला तिने.

पायऱ्या उतरवत नाहीत. पण ती उतरेल. तिला म्हणालो, तू एकटी जा. कुठे जाऊ, म्हणाली. तिने मावशीने दिलेला नवा फ्रॉक घातला होता. नवा नव्हे. कपाटातला.

१० डिसेंबर

सकाळी काका आले. आरशाची गरज नाही, हातच पुरे — मूळ रंग शोधावा लागतो.

त्यांनी माझ्या गालावरून अंगठा फिरवला. खूप मायेने.

म्हणाले, "भरला."

११ डिसेंबर

ऊन चांगलं आहे. ठमी स्वच्छ आहे, हे लिहितो आहे. हे कुणीतरी वाचावं — ठमी, तू वाच. टोमॅटो उपट. आधी टोमॅटो —

जिन्यात पावलं. तिघांची. ठमी हसते आहे, तिला काहीतरी काम सांगितलंय, तिला काम सांगितलं की आवडतं. काकांकडे काळी पिशवी, कुंडीच्या वेळी होती त्याहून मोठी. दार —

ठमी पुढे आहे. आता पिशवी तिच्याकडे, दोन्ही हातांनी धरून. मागून मावशी तिला सांगते आहे, तोंड नीट धर गं, एकही बाहेर पड